बारी मोजणारी भाषा

मी संगणकाची एक भाषा तयार केली आहे असं आमच्या गावात कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "बोलते का ते?" बोलत नाही म्हटलं की माणसाचा रस संपायचा. समजावत बसण्याचा माझाही स्वभाव नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं ती भाषा माझी एकटीचीच राहिली.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. मी अल्लीपूरहून रोज एसटीने हिंगणघाटला जायचे आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. क्लास एका कापडदुकानाच्या माडीवर होता. आमचे सर, म्हणजे क्लासचे मालक, व्यापारी घरातले. मुलंही बहुतेक दुकानदारांची आणि शेतकऱ्यांची. डोकी तल्लख होती, पण प्रोग्राम शिकवायला घेतला की ती इंग्रजी शब्द पाठ करून मोकळी व्हायची. "जर असं असेल तर तसं कर" हे ज्या मुलाला चौथीपासून कळत होतं, तो इंग्रजी शब्द समोर आला की मठ्ठासारखा बघायचा. मला राग यायचा. त्या रागातच मी 'जर', 'तर', 'पुन्हा', 'थांब' असे चाळीस शब्द ठरवले आणि त्यांची भाषा बांधायला घेतली.

भाषा बांधणं हे अर्धंच काम. त्या भाषेत लिहिलेल्या ओळी प्रत्यक्ष चालवणार कोण, हा उरलेला अर्धा भाग, आणि तोच जास्त अवघड. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, जुन्या डॉसच्या मशीनवर सगळं स्वतःच लिहून काढायचं. दुसरी, आपली भाषा जावा नावाच्या तयार संगणक-भाषेच्या खांद्यावर बसवायची. म्हणजे माझ्या ओळी जावाच्या यंत्राला समजतील अशा रूपात उतरवायच्या, आणि मेमरी सांभाळण्यापासून देवनागरी अक्षरं पडद्यावर काढण्यापर्यंतची पुढची सगळी उस्तवार त्याच्यावर सोपवायची. तिसरी वाट एका चिपची. बोटाएवढी काळी चिप, तिच्यात चार-पाच पानांचा मजकूर मावेल एवढीच जागा.

तिसरी वाट सुचवली होती ती क्लासच्या जिन्याखाली पाण्याच्या मोटारी भरून देणाऱ्या मिस्त्रीने. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी तार गुंडाळायची, हा त्याचा धंदा. फावल्या वेळात तो वर येऊन आमच्या पडद्यांकडे बघत बसायचा.

"म्याडम, मोटारीच्या स्टार्टरच्या डब्यात मावन अशी भाषा बनवा," तो म्हणाला होता. "इथं माडीवर ठेवून का कामाची?"

सर म्हणाले, "मॅडम, आता जमाना जावाचा हाय. कुठं बी चालते."

मी सरांचं ऐकलं. कारणं विचाराल तर मी आजही सात-आठ पटापट सांगेन आणि ती सगळी बरोबर आहेत. पण खरं एक कारण वेगळंच होतं. पुढेमागे नागपूरला मुलाखतीला गेले, तर मोटारीच्या डब्यात भाषा बसवली असं सांगायची मला लाज वाटली असती. जावाचं नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. मिस्त्रीच्या बोलण्यावर मी हसले होते, हेही खरं आहे.

भाषेला पहिलं काम दिलं माझ्या बाबांनी.

आमचा भाजीपाल्याचा मळा. विहीर सामायिक, पाच घरांची. विहीर एक आणि मोटारी पाच. दोन मोटारी एकदम लागल्या की पाणी खाली जायचं आणि दोन्ही हवा ओढायच्या, म्हणून बारी ठरलेली होती. प्रत्येकाला तीन तास, आणि विहीर भरून यावी म्हणून दिवसाला पाचच तास उपसा, म्हणजे दर तीन दिवसांनी बारी फिरून यायची. मधेच लाईन गेली तर बारी तिथेच थांबायची आणि लाईन आली की तिथूनच पुढे सुरू व्हायची. लाईन जाण्यापायी कोणाचं पाणी बुडायचं नाही, हा त्या विहिरीचा कायदा होता. ऐकायला सोपा आहे, पण दिवसातून पाच वेळा लाईन गेल्यावर कोणाची किती मिनिटं उरली हे ध्यानात ठेवायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे माझे बाबा. ओट्यावर एक पाटी, एक खडू आणि मनगटावर घड्याळ. वीस वर्षं पाचही घरची माणसं ओट्यापाशी येऊन विचारायची, "भाऊ, माही बारी कवा हाय?" बाबा सांगायचे आणि माणूस उलटा प्रश्न न करता निघून जायचा. या पाच घरांत बांधावरून भांडणं झाली, गुरांवरून झाली, एकदा तर लग्नातल्या जेवणावरून झालं. बारीवरून कधी झालं नाही. बाबांकडे पैसाअडका नव्हता, गावात कुठलं पद नव्हतं. त्यांच्याजवळ होती ती ही एक गोष्ट, आणि ती ते फार जपायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. पाटीवरचे आकडे दिसेनासे झाले. तीन वाजून दहा की दोन वाजून पंधरा, हे ते आईला विचारू लागले. एका दिवाळीला मला म्हणाले, "बाई, हे तुह्या भाषेत जमते का?"

मला तर आभाळच ठेंगणं झालं. क्लासमधलं एक जुनं मशीन मी सरांकडून मागून आणलं आणि आमच्या बैठकीत खिडकीशी ठेवलं. पडदा ओट्याकडे केला. बारीचा प्रोग्राम माझ्या भाषेत अकरा ओळींत बसला. पहिल्या खर्ड्यात एक ओळ होती, 'जर लाईन नाही तर थांब'. ती मी खोडली. विचार असा केला, की लाईन गेली की मशीन आपोआप बंदच पडणार. आली की सुरू होणार. तशी सोय मशीनमध्ये असते, ती मी शोधून काढली होती आणि त्याचा मला गर्व होता. दर मिनिटाला उरलेला वेळ डिस्कवर लिहून ठेवायचा, मशीन पुन्हा उठलं की तिथून पुढे. ज्या मशीनला लाईनशिवाय जीवच नाही, त्याला थांब म्हणून सांगायचं कशाला? बारी थांबवण्याचं काम मी भाषेतून काढलं आणि खालच्या मशीनवर टाकलं. फार नेटकं काम केलं असं मला वाटलं.

होळीपर्यंत ते बिनचूक चाललं. बाबा पहिला महिनाभर आईकडून पाटीही लिहून घेत आणि मशीनशी ताडून बघत. मग त्यांनी पाटी खुंटीला टांगली. लोक खिडकीतून पडदा बघून जाऊ लागले. आपल्या घराचं नाव देवनागरीत बघून एकाने तर घरच्यांनाही आणून दाखवलं. "भाऊ, मशीन बी तुमच्यासारखीच सांगते," असं कोणी म्हटलं की बाबा माझ्याकडे बोट दाखवायचे.

एप्रिलमध्ये बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आई त्यांच्यासोबत वर्ध्याला गेली. मी क्लासमधून आठ दिवसांची सुट्टी घेऊन घरी थांबले, म्हणजे घर आणि मशीन दोन्हींवर लक्ष राहील. निघताना बाबा म्हणाले, "बारीकडे पायजो. वहिनीचा सांबार हाय शेतात, त्याले उन्हाचं पानी चुकू देजो नोको." वहिनी म्हणजे विहिरीला लागून मळा असलेल्या काकू. नवरा गेल्यावर त्या एकट्याच सांबार-पालक लावायच्या आणि जुड्या बांधून हिंगणघाटच्या बाजारात न्यायच्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि उन्हाळ्यातला सांबार म्हणजे तान्ह्या लेकरासारखं काम असतं.

त्याच आठवड्यात लोडशेडिंगची पद्धत बदलली. आधी लाईन जायची ती सगळ्या गावाची जायची. आता घरात दिवे-पंखे चालावेत म्हणून सिंगल फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एकच, चालू ठेवायचे आणि शेतातल्या मोटारींना लागणारे बाकीचे दोन फेज बंद करायचे. लोकांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. दुपारभर पंखा चालू, मशीन चालू. त्या आठ दिवसांत मी एकदाही शेतात पाय टाकला नाही. ज्याची बारी चालू असेल त्याचं नाव हिरव्या रंगात यावं म्हणून मी खटपट करत बसले होते.

तिसऱ्या दिवशी काकू खिडकीशी आल्या. "पोरी, माही बारी लागलती का?"

"लागलती ना काकू. सकाळी साडेआठले लागली, साडेअकराले संपली."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "मी मोटार दाबून पायली. नुसती गुरगुरली, उठली नाई."

"मंग मिस्त्रीले दाखवा. जुनी झाली असन."

"तुमच्या घरून सांगतलं म्हनजे बारी झालीच असन," त्या म्हणाल्या. "मोटारच बिघडली." आणि गेल्या.

तीन दिवसांनी त्यांची बारी पुन्हा तशाच वेळात लागली आणि तशीच संपली. या वेळी त्या विचारायलाही आल्या नाहीत. मिस्त्रीला निरोप धाडून वाट बघत बसल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. बाकीच्या चार घरांपैकी कोणाची काही तक्रार नव्हती. कारण त्या चारही मोटारींना कंडेन्सर लावलेले होते. कंडेन्सर लावला की मोटार कमी फेजवरही ओढूनताणून चालते. आमच्याकडे ती सर्रास चालणारी गोष्ट आहे. आमच्या मोटारीलाही होता, आणि आमची बारी शेजारचा एक जण सांभाळत होता. काकूंची मोटार फार जुनी. कंडेन्सर लावला तर जळेल असं मिस्त्रीनेच त्यांना सांगितलं होतं.

बाबा काळा चष्मा लावून परत आले. उन्हात, धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या सकाळी ते आईला न सांगता शेतात जाऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, वहिनीचा सांबार जळून राह्यला. तिची बारी कोनी खाल्ली?"

"मशीनमधी दोनदा लागली हाय बाबा."

ते आत आले. मशीनकडे पाहिलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे. "शेतात चाल," एवढंच म्हणाले.

आमच्या मोटारीच्या डब्यावर तीन बल्ब होते, एका फेजचा एक. त्यातला एक जळत होता, दोन विझलेले. सकाळचे नऊ वाजले होते. घरी माझं मशीन काकूंची किंवा आणखी कोणाची मिनिटं बिनदिक्कत मोजत होतं. खोडलेली ती ओळ मला तिथे उभ्या उभ्या आठवली. काकूंचा वाफा पलीकडेच होता. कडेचा सांबार पिवळा पडून झोपला होता आणि मधला वाळून जमिनीला चिकटला होता. काकू पालकाच्या वाफ्यात वाकून, जेवढा वाचला तेवढा खुडत होत्या.

"बाबा, एवढे दिवस मले कोनी काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं का कोनाले?"

संध्याकाळी बाबांनी पाचही घरांना विहिरीवर बोलावलं. मी काय बोलायचं ते मनात जुळवून गेले होते. सिंगल फेज म्हणजे काय, मशीन कुठे फसलं, चूक माझी कशी. मी तोंड उघडायच्या आधी बाबा बोलले.

"वर्ध्याले जाच्या आधी मशीनीत बारी मीच उलटी लावून गेलतो. डोयानं दिसत नोव्हतं आन् ध्यानातून बी गेलं. वहिनीच्या दोन बाऱ्या बुडाल्या. त्या माह्या बारीतून भरून देतो."

"बाबा, तसं नाई..."

"तू चूप राह्य."

काकू म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी, होते असं एखाद्या टायमाले." वीस वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावरून चुकीची बारी सांगितली गेली होती, आणि लोक बाबांकडे दुखणेकऱ्याकडे बघावं तसे बघत होते. मशीनने कोणाची मिनिटं कशी मोजली, हे कोणी विचारलंच नाही.

घरी येताना मी भांडले. "खोटं काऊन बोलले तुमी?"

ते शांतपणे चालत होते. "मशीन चुकली म्हनशीन त पुन्हा तिले कोनी हात नाई लावनार. मानूस चुकला म्हटलं त लोकं दुसरा मानूस पाहतात. मी किती दिवस पुरनार हाय? माह्यामांगं बारी कोन मोजन? ह्या पाचाईतला एक बी दुसऱ्याच्या पाटीवर भरोसा ठेवत नाई. तू मशीन नीट कर."

मला त्यांचा राग आला. त्यांच्या चांगुलपणाचा राग आला, असं म्हणणं जास्त बरोबर. माझी चूक होती आणि ती मलाच कबूल करू दिली नव्हती. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

आठ दिवसांनी बाकीच्या तीन घरांतले तिघं जण घरी आले. चहा घेतला, ऊन किती वाढलंय ते बोलले. मग त्यांच्यातला मोठा म्हणाला, "भाऊ, लई वर्सं केलं तुमी. आता डोयाले आराम द्या. बारीचं पाहू आमी काईतरी." अगदी प्रेमाने म्हणाला. बाबांनी मान हलवली. "हो बा, बराबर हाय." ते गेल्यावर बाबांनी खुंटीवरची पाटी काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि शेजारच्या घरी अभ्यासाला देऊन टाकली.

मी हिंगणघाटला गेले, जिना न चढता खाली मिस्त्रीच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "डब्यात मावन अशी भाषा बनवाची हाय." तो हसला असता तर मी ऐकून घेतलं असतं, पण तो हसला नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

चाळीस शब्दांची भाषा मी नऊ शब्दांवर आणली. एकेक शब्द काढताना जीवावर यायचं. देवनागरी गेली, कारण डब्यावर बसवायच्या दिव्यांच्या पट्टीवर फक्त आकडे उमटत. घरांची नावं गेली, एक ते पाच नंबर आले. जावाने माझ्यासाठी फुकट केलेलं प्रत्येक काम मला हाताने करावं लागलं, आणि चार-पाच पानांएवढ्या जागेत ते बसवताना पावसाळा उलटून गेला. उरलेली मिनिटं लाईन गेल्यावरही विसरणार नाही अशी एक छोटी चिप मिस्त्रीने नागपूरहून आणली. तिन्ही फेज मोटारीच्या डब्यातूनच आत घेतले. प्रोग्रामची पहिली ओळ मी लिहिली, 'तिन्ही नाही तर थांब'. ही ओळ कुठल्याही मशीनच्या भरवशावर मी पुन्हा सोडली नाही. आता मोटार ज्या लाईनवर चालते त्याच लाईनवर माझी भाषा चालणार होती. सर म्हणाले, "मॅडम, तुमी त मांगं गेल्या." असेन गेले.

डबा कुठे बसवायचा यावर मात्र तिघांची पंचाईत झाली. एकाच्या मोटारीवर बसवला तर दुसरा संशय घेणार. शेवटी काकूंचं नाव निघालं. त्यांचा मळा विहिरीला लागून, मोटारीला कंडेन्सर नाही, आणि त्यांनी कोणाचं पाणी पळवलं असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिन्ही बल्ब लागले तरच बारी मोजायची, एका फेजवर या विहिरीत कोणीच मोटार लावायची नाही, हेही त्याच दिवशी ठरलं.

डबा सुरू केला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. काकूंनी त्याला हळदीकुंकू लावलं. पट्टीवर चालू बारीचा नंबर आणि उरलेली मिनिटं लाल आकड्यांत उमटली. तिघांनी वाकून पाहिलं, आपापला नंबर मोजला आणि मळ्याकडे गेले. मी स्क्रू आवळत होते. बाबा मागे राहिले होते. त्यांचा डोळा आता चांगला झाला होता, उभ्या जागेवरून त्यांना आकडे स्वच्छ दिसत होते. आमचा नंबर चार, हे त्यांना ठाऊक होतं.

तरी ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, माही बारी कवा हाय?"

काकू पदर सावरून खाली वाकल्या. बोटाने आकडे दाखवत, ओठांतल्या ओठांत मोजत, बराच वेळ लावून त्यांनी हिशेब जमवला. "उद्या दुपारी, भाऊजी. लाईन राह्यली त."

"येतो मंग उद्या," बाबा म्हणाले. एकही उलटा प्रश्न न करता ते बांधावरून चालू लागले.

मला राहवेना. मी पेचकस खाली ठेवला. "काकू, तुमचा तो सांबार..." एवढं बोलले असेन, तेवढ्यात बाबांनी मागे न बघता हाक मारली, "बाई, चाल. घरी जाऊ."